खांद्यावरची थाप

३ मार्च

राग शिळा होऊ नये म्हणून लिहायला घेतलंय. माझा राग फार लवकर निवतो. सकाळी एखाद्याशी कडाकडा भांडले तरी संध्याकाळी त्यालाच चहा करून देते. या वेळी तसं होऊ द्यायचं नाही.

आईचा डावा डोळा गेला. आज पक्कं कळलं. हे नवे डॉक्टर वयाने लहान आहेत, पण तोंडावर खरं बोलतात. म्हणाले, काचबिंदू आहे. डोळ्यातला दाब वाढतो आणि आतली नस हळूहळू वाळत जाते. दुखत नाही, खुपत नाही, माणसाला पत्ताच लागत नाही. जे गेलं ते परत येत नाही. "उजवा वाचवता येईल, ऑपरेशन करू. पण इतके दिवस कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?"

मलाही तेच विचारायचंय! आई दोन वर्षं त्या मोठ्या नेत्रालयात न चुकता जात होती. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी काचबिंदूच्या संशयावरून आधी दिलेले तिचे थेंब मागच्या वर्षी बंद केले. का, तर चाचणी "उत्तम" आली.

परत येताना आई गाडीत म्हणाली, "जाऊ दे गं. एकाने भागतं."

एकाने भागतं म्हणे! माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की दारात गाडी लावताना फाटकाला घासली. डावीकडचा आरसा गेला. लाँड्रीचे मालक उद्या बोलणार. बोलू दे.

हे कुणीतरी केलंय. ते कोण ते मी शोधून काढणार आणि त्याला घरी बसवणार. इथे लिहून ठेवते, म्हणजे मागे फिरायची सोय नको.

५ मार्च

मालक बोलले. "बाई, तुमच्या गाडीची डावी बाजू बघून लोकांना वाटेल आपण लाँड्री नाही, कुस्तीचा आखाडा चालवतो." मी म्हटलं, फाटक अरुंद आहे. ते म्हणाले, फाटक तेवढंच आहे, तुम्ही रुंद झालात का? सगळे हसले. मी नाही हसले.

मी लाँड्रीची गाडी चालवते. हॉटेलं, दवाखाने, दोन वृद्धाश्रम. मळकं उचलायचं, धुतलेलं पोचवायचं. आणि देवाची करणी बघा, ते नेत्रालय माझ्याच फेरीत येतं. त्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे अंगरखे, सगळं मीच मागच्या दाराने देते. पुढच्या दाराने आईला आंधळी करत होते आणि मागच्या दाराने मी त्यांना इस्त्रीचे अभ्रे पुरवत होते.

आज नेत्रालयाचे गठ्ठे मुद्दाम सगळ्यांत शेवटी उतरवले. वरचे टॉवेल जरा चुरगाळून ठेवले. फार बरं वाटलं.

८ मार्च

नवरोबांचं म्हणणं, आधी आईचं ऑपरेशन, मग युद्ध. ते लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे त्यांना सगळं एका वेळी एक मजला असंच सुचतं. मी म्हटलं, "अहो, मला दोन्ही एकदम जमतं."

"जमतं ते दिसतंय," ते म्हणाले आणि जमिनीवरची कपाची शकलं उचलायला लागले. कप त्यांनीच माझ्या डाव्या कोपराशी आणून ठेवला होता. न सांगता कुणी असा कप ठेवतं का?

नेत्रालयात चौकशी केली. तिथे दुभाषी आहे म्हणे, फोनवर. डॉक्टरीणबाई फोन टेबलावर ठेवतात, पलीकडून कुणीतरी आपल्या भाषेत सांगतं. आईबरोबर मी येते म्हटलं होतं, तर तेव्हा नको म्हणाले होते. घरच्या माणसांनी दुभाष्याचं काम करायचं नाही, चुका होतात, असा नियम. नियमाने वागले आणि डोळा गेला.

आईला इथली भाषा येत नाही. पण शेजारणीशी ती मराठीत बोलते, शेजारीण तिच्या भाषेत, आणि दोघींची भांडणंसुद्धा व्यवस्थित होतात. म्हणजे बाई मंद नाहीये. नीट समजावलं असतं तर तिला समजलं असतं.

९ मार्च

आज रविवार. आई मटार सोलत होती. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, त्या मशीनवर तुला काय करायला लावायचे?"

ती खुलली. "अगं, एकदम सोपं. अंधाऱ्या खोलीत एक मोठं पांढरं वाडगं असतं, त्यात तोंड घालून बसायचं. हातात एक बटण देतात. तिथे एक माणूस आहे, फार गुणी. माझ्या मागे उभा राहायचा आणि खांद्यावर हळूच थोपटायचा. थोपटलं की दाबायचं, थोपटलं की दाबायचं. मी एकही चुकवलं नाही. तो अंगठा दाखवायचा मला. पहिल्या नंबराने पास!"

"आणि वाडग्यात काय दिसायचं?"

"मधे एक पिवळा दिवा. बाकी काय असायचंय? इकडे तिकडे काही लुकलुकायचं कधीकधी. मी लक्ष दिलं नाही. माझं सगळं लक्ष खांद्याकडे."

मला काही उलगडा झाला नाही. असेल त्यांची काही पद्धत. पण त्या माणसाला मी मनातल्या मनात नाव देऊन टाकलं, थोपट्या. आईला इतका आवडतो म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणार.

११ मार्च

सापडला!!

मागच्या दाराशी नेत्रालयाची स्टोअरवाली गठ्ठे मोजून घेते. बोलकी आहे. तिला विचारलं, ते वाडग्याचं मशीन काय असतं गं. म्हणाली, नजर मधल्या दिव्यावर ठेवायची आणि बाजूला कुठेही बारीक उजेड चमकला की बटण दाबायचं. जिथला उजेड दिसत नाही तिथे कागदावर काळं येतं. काचबिंदू आधी कडेची नजर खातो, मधली शेवटपर्यंत शाबूत ठेवतो, म्हणून तर ती चाचणी.

मी हातातला गठ्ठा खालीच ठेवला. म्हणजे उजेड दिसला की दाबायचं. थोपटल्यावर नाही!

तो पडद्यावर बघत होता उजेड कुठे पडतोय ते, आणि आईच्या खांद्यावर थोपटत होता. म्हणजे आईच्या डोळ्यांची चाचणी झालीच नाही. त्याच्या डोळ्यांची झाली. त्याचे डोळे उत्तम, म्हणून आईचे थेंब बंद!

तळपायाची आग मस्तकात गेली. गाडीकडे येताना त्या मागच्या पायऱ्यांवरून पाय चुकला आणि गुडघा फोडून घेतला. शेवटची पायरी इतकी खाली कुणी बांधली आहे देव जाणे. त्यांची पायरीसुद्धा आपल्या माणसांच्या वाईटावर.

१२ मार्च

रात्री नवरोबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "त्याने असं का केलं असेल?"

का केलं असेल! मला याचंच आश्चर्य वाटतं. आपलं माणूस आंधळं झालंय आणि यांना त्याच्या मनात शिरायचंय. मी म्हटलं, तुम्ही लिफ्टमध्ये शिरा. मग बोलणं बंद.

१६ मार्च

नुसती तक्रार करून भागणार नाही. "आजींचा काहीतरी गैरसमज झाला," असं म्हणतील आणि मोकळे होतील. आईचा शब्द तिथे कोण धरतंय? तो शब्द आधी फोनवरच्या दुभाष्यातून जाणार, मग डॉक्टरीणबाईंच्या कानात, तिथून कागदावर, आणि तोपर्यंत त्याचं पीठ झालेलं असणार.

मग काय करायचं ते गाडी चालवताना सुचलं. मीच पेशंट होऊन जाते. म्हणायचं, आईला काचबिंदू आहे, मलाही तपासा. घरात एकाला असेल तर बाकीच्यांनी तपासून घ्यावं असं ते स्वतःच भिंतीवर लिहून बसलेत. आणि तोंडातून त्यांच्या भाषेतला एक शब्द काढायचा नाही. मख्ख. बघू, थोपट्या थोपटतो का. थोपटलं की मी सांगेन ना, माझ्या स्वतःच्या तोंडाने, त्यांच्याच भाषेत, त्यांच्यापेक्षा चांगल्या उच्चारांत.

अशी जिरवते ना एकेकाची.

(हे सुचताना एक सायकलवाला डावीकडून अचानक उगवला. जोरात ब्रेक मारला. त्याने मला काय काय म्हटलं ते लिहीत नाही. हे सायकलवाले कुठून येतात तेच कळत नाही.)

२० मार्च

आईचं ऑपरेशन झालं. उजव्या डोळ्यावर पट्टी आहे आणि डावा तर गेलेलाच, म्हणजे आज तिला काहीच दिसत नाही. माझा हात धरून बसली होती. म्हणाली, "तुझी बोटं तुझ्या बाबांसारखी आहेत. कधी लक्षातच आलं नव्हतं."

मी बाथरूममध्ये जाऊन रडून घेतलं. मग तोंड धुतलं आणि नेत्रालयाला फोन करून माझी वेळ घेतली. फोनवर मुद्दाम अडखळत, चुकीचं बोलले. त्या मुलीने लगेच विचारलं, दुभाषी लागेल का? मी म्हटलं, लागेल, लागेल.

२१ मार्च

पट्टी निघाली. उजव्याने आईला दिसतंय. धूसर आहे, पण दिसतंय. तिने सगळ्यांत आधी मला सांगितलं की मी बारीक झालेय. देवा, एवढी बारीक नजर!

२ एप्रिल

माझी चाचणी झाली. सगळं नीट लिहून ठेवते, पुढे उपयोगी पडेल.

डॉक्टरीणबाईंकडे आधी नेलं. फोनवरचा दुभाषी खरखरत होता. बिचारा जांभया देत "कधीपासून त्रास आहे" विचारत होता. मी म्हटलं, त्रास नाही, आईला आहे म्हणून आले. मग अक्षरांचा तक्ता, त्यावर शेवटच्या ओळीपर्यंत सगळं वाचलं. माझी नजर पहिल्यापासून घारीसारखी.

मग अंधारी खोली. तिथे फोन नाही. इथेच गोम आहे! दुभाषी राहिला डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर आणि मी एकटी त्या वाडग्यापुढे.

थोपट्याला पहिल्यांदा बघितलं. मला वाटलं होतं एखादा माजलेला, च्युइंगम चघळणारा असेल. हा माझ्याच वयाचा, स्वेटरच्या बाह्या कोपरावर झिजलेल्या. तो हळू हळू बोलून सांगायला लागला. मी मान हलवत राहिले, दगडासारखा चेहरा करून. त्याने हातांनी दाखवून बघितलं. मी तशीच. बाहेर बाकावर रांग होती. त्याने दाराकडे बघितलं, उसासा टाकला आणि माझ्या डाव्या डोळ्यावर पट्टी लावून मागे जाऊन उभा राहिला.

आणि थोपटलं!

मी मनात म्हटलं, आलास ना जाळ्यात. मी ठरवलं होतं, त्याच्या थापेवर दाबायचं नाही, मला स्वतःला उजेड दिसला तरच दाबायचं. उजव्या डोळ्याच्या वेळी उजेड दिसायचा आणि थापही पडायची. जवळजवळ बरोबरीने. म्हणजे कामात पक्का आहे लबाड.

खरी गंमत डाव्या डोळ्याच्या वेळी झाली. उजवा डोळा झाकला आणि हा नुसता थोपटत सुटला. उजेड नाही, काही नाही, आणि थाप! मी दाबलं नाही. परत थाप. परत उजेड नाही. कंटाळला असेल, मनाला येईल तसं थोपटत होता. आईचं काय झालं असेल ते मला तिथे कळलं. उजेड नसतानाही हा माणूस थोपटतो! यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे?

मग त्याने थोपटणं थांबवलं. काही वेळाने मशीनच बंद केलं. माझ्या पुढे येऊन डोळ्यांकडे बघत राहिला. बोटाने खूण करून परत बसायला सांगितलं. तोच डावा डोळा, पुन्हा पहिल्यापासून. या वेळी एकदाही हात लावला नाही. त्याला संशय आला होता ना! आता सोवळ्यात.

संपल्यावर मी उठले, पट्टी त्याच्या हातात दिली आणि त्याच्याच भाषेत खणखणीत म्हटलं, "मला तुमची भाषा येते. तुम्ही माझ्या आईलाही असंच थोपटलंत. तिचा डोळा गेला. आता भेटू तक्रारीच्या टेबलावर."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. "बसा," म्हणाला, "कृपा करून बसा, मी डॉक्टरांना बोलावतो, तुम्ही जाऊ नका—"

मी गेले! दाराच्या चौकटीला खांदा आपटला तरी मागे वळून बघितलं नाही.

३ एप्रिल

तक्रार दिली. थोपट्याला काढून टाका, आईची माफी मागा, आणि कुणाकुणाला असं थोपटलंय ते शोधून सगळ्यांना परत तपासा. शेवटची मागणी नवरोबांची. मला सुचली नव्हती, पण चांगली आहे, म्हणून घातली.

४ एप्रिल

नेत्रालयातून फोन. उचलला नाही.

परत फोन. परत नाही. मग निरोप ठेवला: "तुमच्या चाचणीबद्दल डॉक्टरांना तातडीने बोलायचं आहे."

फाटली! तक्रार पोचली आणि बोबडी वळली. माझ्या चाचणीबद्दल बोलायचंय म्हणे. ती मिटवून टाकायची असेल, दुसरं काय.

७ एप्रिल

आज डॉक्टरीणबाईंनी स्वतः फोन केला. मी एवढंच म्हटलं, "जे काय बोलायचं ते तक्रारीच्या बैठकीत, सगळ्यांसमोर." त्या म्हणाल्या, "हे तक्रारीपेक्षा महत्त्वाचं आहे." मी म्हटलं, "माझ्यासाठी त्याहून महत्त्वाचं काही नाही," आणि ठेवून दिला.

नवरोबा बाजूला उभे होते. ते बाजूला उभे आहेत हे मला त्यांनी घसा खाकरल्यावर कळलं. म्हणाले, "जाऊन ऐकून तर घे."

"त्यांना मला एकटीला गाठून गुंडाळायचंय. मी दूधखुळी नाही."

"मी इथे केव्हाचा उभा होतो?" त्यांनी विचारलं.

हा काय प्रश्न आहे? त्यांना मांजराच्या पावलाने यायची सवय आहे. लग्न झालं तेव्हा मात्र चांगले धाडधाड चालायचे.

१० एप्रिल

मालकांनी गाडीची किल्ली मागितली. दोन दिवस आराम करा म्हणाले. काल वृद्धाश्रमाच्या आवारात एका आजोबांची चाकाची खुर्ची होती, मला दिसली नाही, अगदी थोडक्यात वाचलं. आजोबांनीच काठीने गाडीच्या पत्र्यावर बडवलं म्हणून. मी त्यांच्यावरच ओरडले. मग ते आईसारखे दिसले आणि रडायला आलं.

झोप नाही, त्याचं हे. एकदा त्या थोपट्याची विल्हेवाट लागली की पहिली शांत झोपणार.

१४ एप्रिल

उद्या बैठक. निळी साडी इस्त्री केली, लाँड्रीत नाही, घरी. काय बोलायचं ते आरशापुढे म्हणून बघितलं. आई खाटेवरून म्हणाली, "कुणाशी भांडतेस गं?"

"तुझ्यासाठीच."

"माझ्यासाठी नको. त्या मुलाला काही बोलू नकोस. तिथे मला हात लावून बोलणारा तो एकटाच होता."

तिला अजून वाटतं ती पहिल्या नंबराने पास झाली होती.

१५ एप्रिल

लांबलचक टेबल. तक्रार विभागाच्या बाई, डॉक्टरीणबाई आणि तो. मी तयारी करून गेले होते की तो नाही म्हणेल. त्याने सगळ्यांत आधी तोंड उघडलं आणि म्हणाला, "हो. मी थोपटतो."

माझं भाषण तिथेच संपलं.

तो सांगत गेला. ज्यांना भाषा येत नाही ती माणसं त्या वाडग्यापुढे नुसती बसून राहतात. बटण दाबत नाहीत. मग कागद सगळा काळा येतो, डॉक्टर त्यावर लिहितात की पेशंट सहकार्य करत नाही, आणि त्यांना पुढच्या कुठल्यातरी महिन्यातली तारीख मिळते. त्याने खोलीत फोन मागितला होता, मिळाला नाही. सुरुवातीला तो पहिल्या दोन-चार उजेडांना थोपटायचा, शिकवण्यापुरतं. मग रांग वाढली. मग शेवटपर्यंतच थोपटायला लागला. "मी थोपटलं नसतं तर त्यांची चाचणीच झाली नसती," तो म्हणाला.

"आणि थोपटलंत म्हणून झाली?" मी विचारलं.

त्याने मान खाली घातली. मला जे बघायचं होतं ते हेच. मी डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हटलं, "आणि तुम्ही! सत्तरीच्या बाईचा कागद इतका लखलखीत कसा, असं एकदाही मनात आलं नाही?" त्या म्हणाल्या, "यायला हवं होतं." त्यांनी हे इतकं साधेपणाने म्हटलं की पुढे काय बोलावं ते मला कळेना.

म्हणून मी माझा शेवटचा बाण काढला. म्हटलं, "हा तर उजेड नसतानाही थोपटतो. मी स्वतः अनुभवलंय. डाव्या डोळ्याच्या वेळी याने मला किती वेळा खोटं थोपटलं, आणि तिथे काहीही नव्हतं!"

तक्रारवाल्या बाईंनी डॉक्टरीणबाईंकडे बघितलं. थोपट्याने मान वर केली. त्याचे डोळे भरले होते, आणि मला वाटलं, नोकरीसाठी रडतोय.

तो म्हणाला, "उजेड होता."

मी म्हटलं, खोटं.

"काही उजेड मुद्दाम इतके मंद असतात की ते कुणालाच दिसत नाहीत. तेव्हा मी थोपटत नाही. मी थोपटलं तेव्हा मशीन सगळ्यांत जास्त उजेड देत होतं. मला वाटलं तुम्हाला समजलं नाहीये. मग शंका आली, म्हणून हात न लावता परत बसवलं."

डॉक्टरीणबाईंनी माझा कागद टेबलावर सरकवला. उजव्या डोळ्याचा, कडेला थोडं करडं. डाव्याचा, अर्ध्याहून जास्त काळा. त्या माझ्यासमोर येऊन बसल्या, म्हणाल्या, माझ्या नाकाकडे बघा आणि उजवा डोळा झाका. मी झाकला. "माझी बोटं हलताना दिसली की सांगा."

मी त्यांच्या नाकाकडे बघत राहिले. वाट बघत राहिले. म्हटलं, "हलवा ना."

"केव्हाची हलवते आहे," त्या म्हणाल्या.

१६ एप्रिल

फाटक. कप. पायरी. सायकलवाला. दाराची चौकट. चाकाची खुर्ची.

त्या आजोबांच्या हातात काठी होती म्हणून.

१९ एप्रिल

गाडीची किल्ली मालकांना कायमची देऊन आले. ते काही विनोद करतील अशी मी वाट बघत होते. केला नाही. घड्या घालायच्या टेबलावर काम देतो म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना वाटलं होतं मी तक्रार मागे घेईन. मी म्हटलं, एक अक्षर मागे घेणार नाही. त्याने हात काढला नसता आणि परत बसवलं नसतं तर माझंही कळलं नसतं, हे मला समजतं. मी दगड नाही. पण आईच्या वेळी त्याने हात काढला नाही, आणि हेही तेवढंच खरं. आईचा डोळा एका बाजूला आणि माझा दुसऱ्या बाजूला ठेवून फिटंफाट करायला मी बसलेली नाही.

२८ एप्रिल

थोपट्याला काढलं. स्टोअरवालीने फोन करून सांगितलं. त्याने थोपटलेल्या सगळ्यांना परत बोलावतायत, आणि अंधाऱ्या खोलीत आता फोन बसवलाय. तो मागत होता तेव्हा मिळाला नाही, त्याला घालवल्यावर लगेच मिळाला.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला. थोडा झाला. आईला सांगितलं नाही.

नवरोबा म्हणाले, "झालं ना तुझ्या मनासारखं?" टोमणा नव्हता. पण मी दिवसभर त्यांच्याशी बोलले नाही.

६ मे

आज माझी पुन्हा चाचणी होती. आता तिथे एक नवीन मुलगी आहे. तिने सगळं नीट समजावलं, दोनदा विचारलं कळलं का. मी डाव्या डोळ्याने त्या वाडग्यात बघत बसले. मशीन आत बारीक आवाज करत होतं, म्हणजे उजेड पडत असणार कुठेतरी. मला दिसत नव्हता. बटण हातात तसंच.

लाज वाटते लिहायला, पण माझं सगळं लक्ष खांद्याकडे होतं.

११ मे

आता घरात दोन बाटल्या. निळ्या झाकणाची आईची, हिरव्या झाकणाची माझी. संध्याकाळी मी तिला थेंब घालते, मग ती मला घालते. तिची नजर धूसर, माझी अर्धी, पण एकदाही चुकली नाही. थेंब पडले की डोळे मिटून, नाकाजवळचा कोपरा बोटाने दाबून पडून राहायचं. आम्ही दोघी एका खाटेवर, प्रेतासारख्या आडव्या. नवरोबा जाता-येता म्हणतात, "आज दोघींनी एकदम समाधी घेतली वाटतं."

आज आई आधी उठली. मी पडून होते, डोळे मिटून. तो माणूस आता कुठे काम करत असेल असा विचार चालला होता. कधी नव्हे ते.

आणि खांद्यावर हलकेच थाप पडली.

मी अशी किंचाळून उठले की बाटली खाली पडली. "थोपटायचं नाही, आई! मला थोपटायचं नाही! तोंडाने सांग. तोंडाने सांगायला काय होतं तुला?"

ती घाबरली. हात तसाच वर राहिला होता. मग म्हणाली, "अगं, वेळ झाली एवढंच सांगत होते. उघड बाई. डोळे उघड."

मी उघडले. ती माझ्या डावीकडे बसली होती. तिला बघायला मला पूर्ण मान वळवावी लागली.